वचनं गाऊन पाठ केली तर ते पाठांतर नव्हे का?

गोदाकाठ (धागालेखक)
नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या बायबल-वचन पाठांतर स्पर्धेला यंदा नवा नियम आलाय. वचन म्हणायचं, गायचं नाही. चालीत म्हटलं की गुण कापणार. कारण काय, तर मुलं चाल पाठ करतात, वचन नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

बायबलमधली स्तोत्रसंहिता म्हणजे मुळात दीडशे गाणीच की. ११९वं स्तोत्र घ्या. १७६ वचनं, आठ-आठची २२ कडवी, आणि मूळ हिब्रूत एकेका कडव्यातली आठही वचनं एकाच अक्षराने सुरू होतात, तीही मुळाक्षरांच्या क्रमाने. १३६व्यात एकच पालुपद २६ वेळा येतं. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात, ३१व्या अध्यायात, मोशेने नियमशास्त्र लिहून याजकांच्या हाती दिलेलं असतं, तरी देव त्याला वर एक गीत लिहायला लावतो आणि लोकांना शिकव म्हणतो. का, तर ते पुढच्या पिढ्यांच्या तोंडून जाऊ नये.

शिवाय गाताना एखादा शब्द गळला तर चालीत भोक पडतं आणि ते गाणाऱ्यालाच आधी कळतं. घडाघडा म्हणताना आख्खी ओळ गायब झाली तरी पत्ता लागत नाही.

परीक्षक_काका
नियम करणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा शिव्या इकडेच पाठवा.

मागे एका मुलीला २३व्या स्तोत्राचं चौथं वचन विचारलं. पोरगी छताकडे बघत ओठातल्या ओठात 'परमेश्वर माझा मेंढपाळ'पासून सुरू झाली, बोटांवर ठेका धरून. वचन आलं, काना-मात्रेसकट बरोबर आलं. पण आधीची तीन ओलांडल्याशिवाय तिला तिथे पोहोचताच येईना. हे कितवं म्हणून विचारलं, तर गप्प. मग उद्या कुणाला बायबल उघडून दाखवायचं झालं तर ती काय करणार?

आणि सगळं शास्त्र म्हणजे स्तोत्रं नव्हेत. रोमकरांस पत्र, म्हणजे पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पत्र, हा युक्तिवाद आहे. त्यातले 'कारण', 'म्हणून', 'तरी' हे शब्द वजनाने म्हणावे लागतात. चालीत ते मात्रा भरायला उरतात.

गोदाकाठ
काका, नव्या कराराला वचनांचे आजचे आकडे पडले १५५१ मध्ये. खुद्द पौलाला विचारलं असतंत ना, 'रोमकर ८:२८ काय आहे हो?', तर तोही छताकडेच बघत बसला असता.

पेटीवाला
दोघेही अर्धेच बरोबर आहात. व्हीबीएसमध्ये, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत, पेटी मी वाजवतो, म्हणून दोन गोष्टी बोलतो.

मराठी बायबल गद्यात आहे. ते चालीत बसवायचं म्हणजे कुठेतरी श्वास घ्यावा लागतो, आणि सगळी गडबड तिथेच होते. त्याच चौथ्या वचनात 'कसल्याही अरिष्टाला भिणार नाही' असं आहे. आमच्याकडे जी चाल चालते तिच्यात ओळ 'अरिष्टाला'वर संपते, मग दोन मात्रा नुसती ढोलकी, आणि 'भिणार नाही' पुढच्या ओळीच्या डोक्यावर जाऊन बसतं. लहान पोरं ते 'भिणार नाही, कारण तू' असं एका दमात गातात आणि अरिष्ट मागेच लोंबकळत राहतं. शब्द सगळे आहेत, वाक्य मात्र मोडलं.

दुसरं म्हणजे, चाल साधी असेल आणि कडव्याकडव्याला तीच फिरत असेल तरच पाठांतराला उपयोग होतो. हल्ली मुखडा वेगळा, अंतरा वेगळा, मध्ये कोरस, वर सिनेमातला ठेका. पोरांच्या डोक्यात तेवढा ठेकाच राहतो. काकांचा राग खरं तर या चालींवर आहे, गाण्यावर नाही.

जलालपूरची_नात
माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण भजनं ढीगभर पाठ. आपल्याकडे ही परंपराच आहे हो. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, तेही ओव्यांत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तायन ओव्यांतच आरंभलं, आणि ते अपुरं राहिल्यावर पूर्ण केलं ते त्यांच्या पत्नी, इथल्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाईंनी. या गावात उभं राहून 'गाऊ नका' म्हणायचं म्हणजे कमाल आहे!

परीक्षक_काका
ताई, आदर आहेच, पण ती काव्यं झाली, शास्त्रावर रचलेली. टिळकांचं भजन पाठ असणं आणि योहान ३:१६ पाठ असणं या दोन वेगळ्या गोष्टी. स्पर्धा दुसरीची आहे.

नाशिकरोडकर
आम्हा कॅथलिकांची गंमत ऐका. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, स्तोत्र गाणारा कडवी गातो आणि लोक फक्त प्रतिसादाची ओळ. वर्षानुवर्षं गाऊन आम्हाला पाठ काय, तर ती एक ओळ. काकांना एक मत.

पंचवटीचा_भटजी
मी ख्रिस्ती नाही, पण वेदपाठशाळेत काढलेली वर्षं आहेत, म्हणून तोंड घालतो. आमच्याकडे स्वर हवाच. एक स्वर चुकला की गुरुजी थांबवतात, कारण स्वर शब्दाला धरून ठेवतो. पण काकांची अडचणही जुनीच आहे, नुसती संहिता, म्हणजे सलग मंत्र, म्हणणारा मध्येच अडकतो. म्हणून क्रमपाठ. पहिलं पद दुसऱ्याशी, दुसरं तिसऱ्याशी, तिसरं चौथ्याशी. पुढे जटा, घन. घनपाठात तर पदं पुढे-मागे उलटसुलट येतात. एवढं झालं की कुठूनही उचला, माणूस तिथून सुरू होतो.

तुमच्या मुलांना घन नको, पण चालीत बसलेली वचनं दोन-दोनच्या जोडीने म्हणवून घ्या. एक-दोन, दोन-तीन, आणि दर वचनाआधी त्याचा आकडाही सुरातच.

गोदाकाठ
आकडा सुरात! हे कुणालाच सुचलं नव्हतं. काका, बोला आता.

परीक्षक_काका
भटजींचं म्हणणं पटलं. समितीपुढे ठेवीन की गायला हरकत नाही, पण वचन मी मधूनच विचारणार आणि सुरुवातीपासून गुणगुणायला वेळ देणार नाही. पेटीवाल्यांनी आधी ती 'अरिष्टाला'ची चाल दुरुस्त करावी. रोमकरांस पत्राला मात्र चाल लावायची नाही, इथे मी हटणार नाही.

पेटीवाला
आठव्या अध्यायाची शेवटची दोन वचनंही नाहीत? मरण, जीवन, देवदूत, अधिपती... मोठ्यांचाही क्रम चुकतो तिथे.

परीक्षक_काका
ती यादी आहे, युक्तिवाद नव्हे. यादीला लावा हवी तर.