खासगी वैमानिक परवान्याची तोंडी परीक्षा : व्याख्या पाठ आहे, पण 'का?' विचारले की अडते

विमानवेडी, इंदूर

नमस्कार. मी इंदूरला राहते, वय 19 वर्षे, आणि सेसना 152 या विमानावर खासगी वैमानिक परवान्यासाठी प्रशिक्षण घेत आहे. आवश्यक असलेले 40 तासांचे उड्डाण पूर्ण होत आले असून पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे. हवाई नियम, नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि विमान व इंजिन हे चारही विषय मी दोनदा वाचले आहेत, वह्या भरल्या आहेत आणि लेखी सराव प्रश्नपत्रिकांत मला चांगले गुणही मिळतात.

मागच्या आठवड्यात एका प्रशिक्षकांनी सरावासाठी माझी तोंडी परीक्षा घेतली. त्यांनी विचारले, "मे महिन्यात दुपारी दोन वाजता, दोघे बसून, टाक्या भरून तुम्ही इथूनच निघालात, तर जानेवारीतल्या सकाळपेक्षा काय वेगळे घडेल?" डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या घनतेवरून ठरणारी उंची, म्हणजे हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ते) वाढेल, असे मी सांगितले आणि पुस्तकातली इंग्रजी व्याख्याही एका दमात म्हणून दाखवली. त्यावर ते म्हणाले, "ती वाढली हे इंजिनाला कसे कळते? पंखाला कसे कळते? आणि वेगदर्शकाला कळते का?" मी गप्प झाले. त्यानंतर त्यांनी जुलै महिन्यात बाहेर 25 अंश तापमान असताना कार्ब्युरेटरमध्ये (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात) बर्फ कसा होतो, असे विचारले, आणि 'होऊ शकतो' यापलीकडे मला काहीही सांगता आले नाही.

घरी आम्ही मराठी बोलतो आणि पुस्तके सगळी इंग्रजी आहेत, त्यामुळे अडचण भाषेची आहे की समजण्याची, हेही मला नीट कळेनासे झाले आहे. उरलेल्या चार आठवड्यांत अभ्यास कसा करावा, याचे मार्गदर्शन जाणकारांनी कृपया करावे.

जुना प्रशिक्षक, इंदूर

तुमच्या प्रशिक्षकांनी विचारलेला प्रश्न उत्तम आहे, आणि त्यांनी तो परीक्षेच्या चार आठवडे आधी विचारला ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट झाली. अडचण समजण्याची आहे असे मला वाटते, मात्र ती दूर करण्याचे साधन तुमच्या घरातलीच भाषा आहे. कसे ते पुढे सांगतो, आधी त्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांसह मांडू.

आपल्या विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 1,850 फूट आहे. मे महिन्यातल्या त्या दुपारी तापमान 41 अंश आणि क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाने काढलेला हवेचा दाब) 1003 हेक्टोपास्कल आहे असे धरा. प्रमाण दाब 1013 चा असल्याने दहा हेक्टोपास्कलची तूट आहे, आणि प्रत्येक हेक्टोपास्कलला ढोबळमानाने 30 फूट धरले तर प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे दाबावरून ठरणारी उंची, 2,150 फूट येते. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला 15 अंश तापमान असते आणि दर हजार फुटांना ते सुमारे दोन अंशांनी उतरते, म्हणून 2,150 फुटांवर ते 11 अंशांच्या आसपास असायला हवे होते. प्रत्यक्षात 41 आहे, म्हणजे 30 अंश जास्त. प्रत्येक जादा अंशाला 120 फूट, म्हणजे 3,600 फूट वाढले, आणि डेन्सिटी अल्टिट्यूड 5,750 फूट झाली. हेच गणित जानेवारीच्या सकाळी 10 अंश आणि क्यूएनएच 1016 धरून केले तर उत्तर 1,600 फुटांच्या आसपास येते. तीच धावपट्टी, तेच विमान, आणि हवेच्या दृष्टीने चार हजार फुटांहून अधिक फरक.

आता 'कसे कळते' याकडे येऊ. इंजिनाचा सिलिंडर प्रत्येक फेरीत ठराविक आकारमानाचीच हवा ओढतो. हवा विरळ असेल तर त्या आकारमानात हवेचे वजन कमी भरते, त्यामुळे जाळता येणारे इंधन कमी आणि शक्तीही कमी. मिक्श्चर (हवा-इंधनाचे मिश्रण) पूर्ण रिच, म्हणजे जास्त इंधनाचे, ठेवले तर त्या थोड्या हवेत इंधन जास्त होते आणि शक्ती आणखी घटते, म्हणूनच मिक्श्चर केव्हा आणि किती लीन, म्हणजे कमी इंधनाचे, करावे हे विमानाच्या पुस्तिकेत दिलेले असते. प्रोपेलर हाही एक पंखच असल्यामुळे त्याची ओढसुद्धा घटते.

वेगदर्शकाचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक विद्यार्थी तिथेच अडखळतात. वेगदर्शकाला जोडलेल्या पिटो नळीला वेग असा मोजताच येत नाही. समोरून येणाऱ्या हवेचा दाब ती मोजते, आणि तो दाब हवेची घनता व वेगाचा वर्ग या दोहोंवर ठरतो. पंखाची लिफ्टही (उचल) त्याच दाबावर ठरते. म्हणजे पंख आणि वेगदर्शक या दोघांना एकच गोष्ट कळते, आणि म्हणून मे असो वा जानेवारी, तुम्ही नाकाचे चाक काट्यावरच्या त्याच 50 नॉटला (तासाला 50 नॉटिकल मैल) उचलता. फरक असा की, उपकरणातल्या त्रुटी बाजूला ठेवल्या, तर जानेवारीत तेव्हा खरा वेग 51 नॉट असतो आणि मे महिन्यात 54 ते 55. इंजिन अशक्त झालेले असताना त्याला विमान अधिक वेगापर्यंत न्यायचे असते, म्हणून धाव दोन्ही कारणांनी लांबते आणि चढण मंदावते. काटा नेहमीसारखाच दिसतो, यातच धोका आहे, कारण काटा पाहणाऱ्याला काहीही बदललेले जाणवत नाही.

आता कार्ब्युरेटर. व्हेंचुरीच्या (कार्ब्युरेटरमधल्या मध्येच निमुळत्या होणाऱ्या नळीच्या) अरुंद भागातून जाताना हवेचा दाब उतरतो, त्याच ठिकाणी इंधनाची वाफ होते आणि ती वाफ आजूबाजूची उष्णता ओढून घेते. या दोहोंमुळे तापमान 20 अंशांहूनही अधिक खाली येऊ शकते. जुलैतली आपली हवा 25 अंशांची आणि पाण्याने भरलेली असते, ती आतल्या आत गोठणबिंदूच्या खाली गेली की बर्फ धरतो, विशेषतः थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी झडप) मिटलेले असताना, म्हणजे उतरण्याच्या वेळी. प्रोपेलरचा पिच (पात्यांचा कोन) स्थिर असल्यामुळे पहिली खूण म्हणजे आरपीएम (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या) हळूहळू उतरणे. कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये तापलेली हवा सोडणारी कळ) ओढल्यावर बर्फ नसेल तर आरपीएम थोडा घटून तिथेच राहतो, कारण तापलेली हवा विरळ असते. बर्फ असेल तर आधी घटतो, इंजिन खडबडते आणि मग आरपीएम वर येतो. त्या खडबडण्याला घाबरून हीट परत आत ढकलू नका, वितळलेले पाणी इंजिनातून जात असल्याचा तो आवाज आहे.

अभ्यासाची पद्धत मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी एकच सांगत आलो. पुस्तक घरी ठेवा, हँगरमध्ये विमानाजवळ जा, नाकापासून सुरुवात करून एकेका भागावर हात ठेवा आणि तो काय करतो, बिघडला तर काय होते, आणि ते मला आसनावर बसून कसे कळेल, हे मोठ्याने बोला. संध्याकाळी तेच घरात आईला किंवा आजोबांना मराठीत समजावून सांगा. मॅग्नेटो, मिक्श्चर, स्टॉल हे शब्द इंग्रजीच राहू द्या, पण 'त्यामुळे', 'म्हणून', 'नाहीतर' हे जोडणारे शब्द तुमचे स्वतःचे असले पाहिजेत. बॅटरी संपली तर हवेत इंजिन बंद पडेल का, असे आजोबांनी विचारले आणि इंजिनात ठिणगी पाडणारे मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतात म्हणून बंद पडणार नाही, हे तुम्ही त्यांना पटवून देऊ शकलात, तर परीक्षकांपुढे इंग्रजी वाक्ये आपोआप जुळतील.

उडता विद्यार्थी, वडोदरा

जुन्या प्रशिक्षकांचे म्हणणे मला मान्य आहे, मात्र नुकताच या परीक्षेतून गेल्यामुळे एक गोष्ट जोडावीशी वाटते. काही गोष्टी पाठच हव्यात आणि त्यांच्या मागचे कारण शोधण्यात वेळ घालवू नये. रेडिओ बंद पडल्यावर टॉवरकडून स्थिर हिरवा दिवा दिसला तर उतरण्याची परवानगी, स्थिर लाल दिसला तर दुसऱ्या विमानाला वाट देऊन घिरट्या घालत राहणे, लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका. ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) 7500 हा आकडा बेकायदा हस्तक्षेपासाठी, 7600 रेडिओ बिघाडासाठी आणि 7700 आणीबाणीसाठी. दहा हजार फुटांखाली दृश्य नियमांनुसार, म्हणजे बाहेर पाहून, उडताना 5 किलोमीटर दृश्यमानता, ढगापासून आडवे 1,500 मीटर आणि उभे 1,000 फूट अंतर. आणि तुमच्या 152 चा सर्वोत्तम ग्लाइडचा (इंजिनाविना तरंगत जाण्याचा) 60 नॉट वेग. हे सगळे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे, कारण इंजिन बंद पडल्यावर कारणमीमांसा करायला उसंत नसते.

वाट देण्याचा नियम मात्र मी एका चित्राच्या आधारे लक्षात ठेवला. उजवीकडून दुसरे विमान तुमच्या वाटेवर येत असेल तर त्याची डावी बाजू तुमच्याकडे असते, आणि डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो. तुम्हाला लाल दिसतो, तुम्ही वाट द्यायची. त्याला तुमचा उजवा, हिरवा दिवा दिसतो, तो आपल्या वाटेने जातो.

आमच्या वडोदऱ्याच्या विमानतळाची उंची जेमतेम 129 फूट आहे, त्यामुळे डेन्सिटी अल्टिट्यूडचा धडा मी परीक्षेपुरता वाचून सोडून दिला होता. वरचे इंदूरचे गणित वाचून आज ते पुन्हा करून पाहिले.

ग्वाल्हेरकर

हवामानाच्या विषयात परीक्षक बहुधा एखादा मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) पुढे ठेवतात आणि तो वाचून झाल्यावर 'मग जाणार का?' असे विचारतात, त्यामुळे नुसते वाचन पुरत नाही. आमच्याकडे जानेवारीत धुके नेहमीचेच असते, म्हणून उदाहरण तिथलेच देते. पहाटेच्या मेटारमध्ये वारा शांत, आकाश निरभ्र, तापमान 9 आणि दवबिंदू 8 असेल, तर दृश्यमानता त्या क्षणी तीन किलोमीटर असली तरी ती टिकेल असे समजू नये. निरभ्र आकाशामुळे जमीन उष्णता गमावत आहे, वारा नसल्यामुळे वरची उबदार हवा खाली मिसळत नाही, आणि तापमान आणखी एक अंश उतरले की हवा संपृक्त होईल. सूर्य उगवला की धुके लगेच विरते, हाही गैरसमज आहे. पहिल्या उन्हाने हवा थोडी ढवळली जाऊन ते काही काळ उलट दाट होताना मी अनेकदा पाहिले आहे.

वेळेकडे विशेष लक्ष द्यावे. मेटारची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे, म्हणून पहाटे चार वाजताच्या मेटारवर आदल्या दिवसाची तारीख आणि 2230 अशी वेळ असते. ताज्या मेटारला कालचा समजून बाजूला ठेवणारे विद्यार्थी मला माहीत आहेत.

विमानवेडी, इंदूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस हँगरमध्ये आणि घरी सरांनी सांगितल्याप्रमाणे बोलून पाहिले. बॅटरीचा प्रश्न आजोबांनी नाही, पण आईने खरोखरच विचारला. नॅव्हिगेशनसाठी मी इंदूर ते उज्जैन हे उड्डाण घेतले. आपला विमानतळ 22 अंश 43 मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे आणि उज्जैन 23 अंश 11 मिनिटांवर, जवळजवळ सरळ उत्तरेला. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणून अंतर 28 मैल. खरा हवाई वेग 90 नॉट आणि उत्तरेकडून 15 नॉट वारा धरला, तर जाताना जमिनीवरचा वेग 75 आणि येताना 105. जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, म्हणून इंधनाचा हिशेब वारा नसल्यासारखाच करता येईल, असे मी आईला सांगितले. हे बरोबर आहे का?

जुना प्रशिक्षक, इंदूर

अंतर बरोबर, वेग बरोबर, शेवटचे वाक्य चूक. 75 नॉटने 28 मैलांना सुमारे साडेबावीस मिनिटे लागतात आणि 105 ने 16, म्हणजे साडेअडतीस. वारा नसता तर जाऊन येऊन सव्वासदतीस मिनिटे लागली असती. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता आणि मागच्या वाऱ्यात कमी वेळ, त्यामुळे तोटा पूर्ण भरून निघत नाही. इतक्या जवळच्या उड्डाणात फरक एका मिनिटाचा दिसतो, पण दीडशे मैलांच्या उड्डाणात तोच इंधनाच्या राखीव साठ्यात शिरतो.

आता तोच 15 नॉट वारा पश्चिमेकडून, म्हणजे पूर्ण आडवा धरा आणि वेळ वाढेल, घटेल की तेवढाच राहील, हे आधी कारणासह आणि मग आकड्यांत लिहा.

विमानवेडी, इंदूर

वाढेल. वाऱ्याने पूर्वेला ढकलले जाऊ नये म्हणून जाताना नाक पश्चिमेकडे सुमारे साडेनऊ अंश वळवून ठेवावे लागेल, आणि येताना दक्षिणेकडे जात असतानाही पश्चिमेकडेच, म्हणजे उजवीकडे. 90 नॉटमधला काही भाग वाऱ्याला तोंड देण्यात खर्च झाल्यामुळे वाटेवरचा वेग सुमारे 89 उरतो. दोन्ही बाजूंना 19 मिनिटांच्या आत-बाहेर, एकूण 38. म्हणजे वारा पूर्ण आडवा असतानाही वारा नसतानापेक्षा जास्तच वेळ लागतो. सर, आज हे गणित करताना सूत्र पुस्तकात पाहावे लागले नाही, कागदावर त्रिकोण काढला आणि आईला दाखवत गेले.

जुना प्रशिक्षक, इंदूर

बरोबर आहे. उद्या मॅग्नेटोची तपासणी घ्या : कळ दोन्ही मॅग्नेटोंवरून एकावर आणल्यावर आरपीएम घटलाच नाही, तर ती आनंदाची गोष्ट का नव्हे?