१३–१०: हरवलं कोणी, विल हॉवर्डने की त्याच्या मास्तरांनी?

कोलंबसचा बंड्या (३० नोव्हेंबर २०२४)

सामना संपून चार तास झाले, घास उतरत नाहीये, म्हणून इथे ओकतोय. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल, आपलं ओहायो स्टेट विद्यापीठ देशात दुसऱ्या नंबरवर, दहा जिंकलेले, एक हरलेला. समोर जुनं वैरी मिशिगन विद्यापीठ, सहा जिंकून पाच हरलेले. त्यातून त्यांचे हुकमी खेळाडू विल जॉन्सन आणि कोल्स्टन लव्हलँड मैदानात नाहीत. सट्टेवाले म्हणत होते आपण वीसएक गुणांनी मारू. घरचं मैदान, लाखाच्या वर माणसं. निकाल १३–१०, मिशिगन. त्यांच्याकडून हरायचं सलग चौथं वर्ष.

माझा राग सरळ क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकून पास देणाऱ्या विल हॉवर्डवर आहे. हॉवर्डचे ३३ पास, १९ पोचले, १७५ यार्ड, एक टचडाउन (बॉल गोललाइनपार नेणं), दोन इंटरसेप्शन (पास समोरच्यांच्या हातात). पहिलं तर आपल्याच गोललाइनच्या तोंडाशी. मिशिगनच्या आमिर हॉलने बॉल पकडून गोललाइनपासून दोन यार्डांवर आणून ठेवला, पुढे त्यांच्या मुलिंग्जने नुसतं आत ढकललं. मिशिगनचं एकुलतं एक टचडाउन, तेही आपणच ताटात वाढलेलं. पोरगा नवखा असता तर गप्प बसलो असतो, पण हा कॅन्सस स्टेटला चार वर्षं खेळून आलाय. ऑक्टोबरात ओरेगनकडून ३२–३१ हरलो तेव्हाही शेवटी बॉल घेऊन घसरला आणि घड्याळ संपलं. मोठा सामना आला की याचं असंच.

जागरणकर, पुणे

आमच्याकडे साडेदहाला रात्री सुरू झाला, दोन वाजेपर्यंत बसलो. बंड्याभाऊ, आपला किकर जेडन फील्डिंग, त्याच्या पायाचं काय? ३४ यार्ड आणि ३८ यार्ड, दोन्ही किक बाहेर. प्रत्येकी तीन, म्हणजे सहा गुण. १० अधिक ६ किती होतात ते तुम्हीच सांगा.

कोलंबसचा बंड्या

किकर चुकला हे मान्य. पण दुसऱ्या अर्ध्यात आपला स्कोर शून्य आहे साहेब. शून्य! जेरेमाया स्मिथ, इग्बुका, टेट असे पास पकडणारे तिघे बाहेर उभे असताना.

लाइनमन

बंड्या, तू बॉल बघतोस, मी बॉल सुटायच्या आधीचे दोन सेकंद बघतो. म्हणून आपलं जमत नाही.

सेंटर म्हणजे क्वार्टरबॅकच्या हातात बॉल देणारा, आणि लाइनमध्ये कोणी कोणाला अडवायचं हे ओरडून सांगणारा. उतरंडीतलं तळाचं मडकं. आपला सेंटर मॅकलॉफलिन याच महिन्यात टाचेची शीर तुटून गेला. लाइनच्या डाव्या टोकाचा, लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ओरेगनच्या सामन्यात गुडघा घेऊन बसला. मग सेंटरच्या शेजारचा गार्ड हिन्झमन, त्याला मध्ये उभं केलं. समोर कोण? मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. मिशिगनच्या संघात या वर्षी काय धड असेल तर ते हे दोघं.

आता अशा वेळी तू काय करशील? गल्लीतलं पोरही सांगेल की मधून जाऊ नका. आणि आपण? आपले बॉल घेऊन पळणारे, जडकिन्स मधून, हेंडरसन मधून, परत जडकिन्स मधून. २६ वेळा पळालो, ७७ यार्ड मिळाले. भिंतीवर डोकं आपटायचं, भिंत हलत नाही म्हणून कपाळाला शिव्या घालायच्या. हॉवर्डच्या वाट्याला बॉल यायचा तो तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न), समोरच्यांना पास येणार हे ठाऊक असताना. खेळ कुठला खेळायचा हे आक्रमणाचा मास्तर चिप केली ठरवतो, आणि त्याच्यावर मुख्य मास्तर रायन डे. मिशिगन 'नाजूक' म्हणेल, या भीतीपोटी डे साहेब दरवर्षी छाती पुढे काढून मधूनच जायला बघतात. मिशिगनविरुद्ध आता १–४ झालेत ते. हॉवर्ड तर यंदाच आला, आधीच्या तीन वर्षांचं खापरही त्याच्याच डोक्यावर फोडणार का?

पहिलं इंटरसेप्शन त्याचंच, त्यावर पांघरूण घालत नाही. तिथून तो बॉल टाकायचाच नव्हता.

ॲन आर्बरची मावशी

काय मजा येतेय वाचायला! तुमच्याकडे या आठवड्यात कॅम्पसच्या पाट्यांवरचे 'एम' (आमच्या मिशिगनचं अक्षर म्हणून) लाल पट्ट्या मारून खोडतात ना? खोडा हो. गुण काही खोडता येत नाहीत.

बरं, थट्टा बाजूला. आमच्या क्वार्टरबॅकचे, डेव्हिस वॉरनचे आकडे बघितलेत का कोणी? ६२ यार्ड. त्याचीही दोन इंटरसेप्शन. एक तर तुमच्या जॅक सॉयरने सामन्याच्या शेवटच्या चौथ्या भागात आमच्या अगदी घशातून काढून घेतलं. तरी आज त्याला कोणी बोल लावत नाहीये, कारण आम्ही जिंकलो. शाळेत असताना रक्ताच्या कर्करोगातून उठलेला पोर आहे तो, मला तर त्याचं भारी कौतुक. पण दोघांचे आकडे शेजारी ठेवले तर तुमचा पोरगा वरचढ खेळला हे मी मिशिगनची असून म्हणते. तिसरं डाउन, सहा यार्ड हवे, आणि मुलिंग्ज २७ यार्ड पळाला, सामना तिथे फिरला. त्या वेळी हॉवर्ड बाकावर होता.

कट्टेकरी

एवढं हळवं व्हायचं कारण नाही. २०२१ पासून ही पोरं नावावर पैसे कमावतात. पैसे घेताना व्यावसायिक आणि हरल्यावर 'विद्यार्थी'? ऐकून घ्यावं लागेल.

जागरणकर, पुणे

ऐकून घ्यावं, पण खेळाबद्दल. आज त्याच्या घरच्यांना काय काय लिहिलंय लोकांनी, ते वाचवत नाही. आपल्याकडे क्रिकेटरांच्या घरावर दगड मारायचे, त्याच जातीचं.

कोलंबसचा बंड्या

ते मीही लिहिलेलं नाही, लिहिणार नाही. शेवटी मिशिगनवाले आमच्या मैदानात मधोमध झेंडा रोवायला आले, मारामारी, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला, माझ्या पोराने विचारलं "बाबा, हे असं दरवर्षी असतं का?" काय सांगू?

लाइनमनचं मधून पळण्याचं पटलं. पण मोठा क्वार्टरबॅक मास्तरांना बाजूला घेऊन म्हणतो, बॉल मला द्या. हा म्हणाला नाही.

लाइनमन

म्हणाला की नाही, तुला कसं कळलं? तू प्रेक्षकांत वर बी डेकला होतास.

लाइनमन (२१ जानेवारी २०२५)

धागा मुद्दाम वर काढतोय. प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, यंदा पहिल्यांदाच बारा संघ, म्हणून दोन हरूनही आत राहिलो. टेनेसीला ४२–१७, ओरेगनला ४१–२१, टेक्ससला २८–१४ आणि काल अंतिम सामन्यात अटलांटात नोत्र दामला ३४–२३ हरवलं. हॉवर्डचे काल पहिले तेरा पास सलग पोचले. २१ पैकी १७, २३१ यार्ड.

पण तो एकच पास बघ. ३१–२३, तिसरं डाउन, ११ यार्ड हवे. नोव्हेंबरात इथे मधून पळालो असतो. काल स्मिथला लांब सोडलं, ५६ यार्ड. क्वार्टरबॅक तोच, लाइनही तीच फाटकी. फरक मास्तरांच्या कागदात. आणि शेवटचे तीन गुण कोणाच्या पायातून? फील्डिंगच्या, ३३ यार्डांवरून.

कोलंबसचा बंड्या

तो पास पोराला उचलून घेऊन पाहिला. 'मोठा सामना आला की याचं असंच' हे वाक्य मागे घेतो, बाकीचं नाही. दोन यार्डांवरचं ते इंटरसेप्शन अजून झोपेत दिसतं.

ॲन आर्बरची मावशी

अभिनंदन हो, मनापासून. देशात पहिले आलात. आमच्यासमोर मात्र सलग चार वर्षं नापासच. नोव्हेंबरात सामना आमच्याकडे आहे, पोराला घेऊन या. जेवायला घालीन, झेंडा बाहेर ठेवून यायचा.