कृषी सेवा केंद्र: रोग आमच्याकडून ओळखून घेतात आणि औषध ॲपवरून मागवतात, काय करावं?

द्राक्षपट्टा_तासगाव

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे, वडलांनी सुरू केलेलं. मी बीएस्सी ॲग्री करून चार वर्षं झाली काउंटरला बसतोय. गिऱ्हाईक सगळं आजूबाजूच्या सात-आठ गावचं, द्राक्षवालं आणि बेदाणावालं.

मागच्या हंगामातली गोष्ट सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. छाटणी होऊन महिना झालेला, दोन दिवस पावसाची भुरभुर, आणि आमचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक असलेले एक मामा प्लॅस्टिकच्या पिशवीत पान घेऊन आले. वरून तेलकट पिवळा डाग, पान उलटं करून उजेडाला धरलं तर खाली पांढरी लव. डावणीच, ओल्या हवेत झपाट्याने पसरणारा बुरशीचा रोग. मी म्हटलं मामा आज संध्याकाळच्या आत फवारणी घ्या, औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून दिलं. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली, 'बघतो' म्हणाले आणि गेले. तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला आमच्याच दारात थांबून त्यांच्या वस्तीचा रस्ता विचारत होता. मला राग नाही आला हो, वाईट वाटलं.

2022 च्या नोव्हेंबरपासून कीटकनाशकं ऑनलाइन विकायला परवानगी झाली तेव्हापासून हे वाढलंय. दर मोबाईलवर दिसतो, आमच्यापेक्षा शंभर-दीडशे कमी असतो. त्यात उधारी, ती बेदाणा विकला की येते, आणि व्यापाऱ्याने शेतकऱ्याला बुडवलं की आमचीपण बुडते. वरून कंपन्यांचं लिंकिंग, खत पाहिजे तर ही अमुक बाटली पण उचला. 266 रुपये 50 पैशांच्या युरियाच्या गोणीमागे मी शेतकऱ्याला नको असलेली बाटली कुठल्या तोंडाने देऊ? वडील म्हणतात दर कमी कर. दर कमी करून किती दिवस टिकणार? ज्यांनी यातून वाट काढलीय त्यांनी सांगा.

निफाडकर

भाऊ, दरात त्यांच्या मागे पळू नको, एवढं आधी सांगतो. ॲपवाल्याकडे गोडाऊन आहे, तुझ्याकडे तालुका आहे. डावणीला तीन दिवस म्हणजे पाऊस असला तर अर्धी बाग, हे त्या मामांनाही माहीत असणार, तरी ते गेले म्हणजे कारण दीडशे रुपयांचं नाही, काहीतरी दुसरं आहे. ते शोध.

माझं सांगतो. 2010 साली आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून. आपण सगळे त्याला सीसीसी म्हणतो, काडी आखूड ठेवायला सर्रास वापरायचे आणि आम्ही दुकानदार सर्रास विकायचो. त्या वर्षी शेतकऱ्यांचे चेहरे बघितलेत मी. माझ्या काउंटरवरून गेलेली बाटली कुणाच्या बागेत कधी पडली हे मला सांगता येत नव्हतं, त्याची मला लाज वाटली. तेव्हापासून मी प्लॉटची वही ठेवतो. एका शेतकऱ्याच्या एका प्लॉटला एक पान, त्यावर जात, छाटणीची तारीख, क्षेत्र, पाण्याची सोय, आणि माझ्याकडून गेलेलं प्रत्येक औषध तारखेसकट. फोन आला की मी 'काय पाहिजे' विचारत नाही, पान उघडतो आणि म्हणतो 'थॉम्पसनचा वरचा प्लॉट ना, आज बेचाळिसावा दिवस, मागची फवारणी मंगळवारची'. समोरचा माणूस तिथंच मोकळा होतो.

आणि बिलावर पेनाने लिहायचं की हे औषध मारल्यावर काढणीला किती दिवस थांबायचं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी निघते, कुठलं औषध चालतं, किती दिवस आधी बंद करायचं सगळं त्यात असतं, ती प्रिंट काढून काउंटरला लाव. एक्स्पोर्टचा माल असेल तर शेतकऱ्याला फवारणीची नोंद दाखवावीच लागते, ती तुझ्या वहीतून निघाली तर तो तुला सोडून कुठं जाईल?

अजून एक, कमी विकायला शिक. भरल्या कॅनॉपीला, म्हणजे पानांनी भरलेल्या मांडवाला, एकरी 400 लिटर पाणी लागतं म्हणून लिटरला 2 ग्रॅमच्या डोसला 800 ग्रॅम औषध, पण छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांची फूट असते तेव्हा 250 लिटरमध्ये बाग ओली होते. मग 500 ग्रॅम पुरतं. बहुतेक दुकानात किलोचा पुडा ठोकतात. तू हिशोब करून अर्धा किलो दे, बिल कमी होईल, पण तो घरी जाऊन भावाला सांगेल आणि दुसऱ्या दिवशी भाऊ येईल.

बागायतदार_मिरज

मी दुकानदार नाही, गिऱ्हाईक आहे, तीन एकर सुपर सोनाका द्राक्ष. ॲपवरून मीपण घेतो म्हणून लिहितोय, राग मानू नका.

मी पहिल्यांदा ॲपवर गेलो ते दरासाठी नाही. आमच्या जवळच्या एका दुकानात भुरीचं, म्हणजे पानावर-घडावर पांढरी भुकटी येते त्या रोगाचं, औषध मागायला गेलो, तर पोराने त्याच्याबरोबर दोन टॉनिक काढून ठेवली, 'ह्याच्याशिवाय रिझल्ट येत नाही' म्हणाला, बिल मागितलं तर साध्या कागदावर लिहून दिलं, बॅच नंबर नाही काही नाही. औषध मारलं, फरक पडला नाही, परत गेलो तर म्हणाला तुम्ही उशीर केला. भांडायला माझ्या हातात कागदच नव्हता. ॲपवर निदान बिल येतं, बाटलीवरचा बॅच नंबर जुळवून बघता येतो.

पण खरं सांगू का, ॲपवर माझं ऐकून घेणारं कुणी नाही. फोटो पाठवला की उत्तर येतं आणि उत्तराखाली लगेच खरेदीचं बटण. गेल्या वर्षी रात्री दोनला पाऊस आला, पहाटे पाचला फवारणी घ्यायची होती, काय घ्यावं आणि किती घ्यावं कळेना. त्या वेळी मला दीडशे रुपये स्वस्त काही नको होतं, माहितीतला माणूस पाहिजे होता.

माझ्या मते तुम्ही पक्कं बिल न मागता द्या, टॉनिक काढून ठेवायचं बंद करा, आणि एखादी गोष्ट माहीत नसेल तर 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणा. असं म्हणणारा दुकानदार मला आजपर्यंत एकच भेटला, माझ्या आयुष्यभराचा तोच दुकानदार.

सांगोल्याची_ताई

आमचं डाळिंबाचं गाव, दुकान मी आणि मिस्टर मिळून चालवतो. वरच्या दादांचं प्लॉटच्या वहीचं एकदम पटलं, आम्ही डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी तसंच करतो. पण उधारीवर कुणी काही बोललं नाही म्हणून लिहिते, कारण दुकानं ॲपमुळे कमी आणि उधारीमुळे जास्त बंद पडलेली बघितलीत मी.

उधारी बंद करा असं सांगणाऱ्यांनी आमच्या भागात एक हंगाम काढून दाखवावा. बंद होत नाही. पण ती उघडी ठेवता येते. आम्ही प्रत्येक खातेदाराला छोटं पासबुक दिलंय, माल उचलला की त्यात आणि आमच्या वहीत दोन्हीकडे लिहायचं, त्याची सही घ्यायची, आणि एक तारखेला व्हॉट्सॲपवर बाकीचा आकडा जातो. नुसता आकडा, 'कधी देणार' असं काही लिहायचं नाही. रोखीचा दर आणि उधारीचा दर दोन्ही आधीच तोंडावर सांगायचे, अर्थात एमआरपीच्या आत. पूर्वी हंगाम संपल्यावर एकदम मोठा आकडा सांगितला की माणूस दचकायचा, मग तोंड चुकवायचा, रस्ता बदलायचा. पैसे बुडण्याआधी माणूस तुटतो हो. आता बाकी दर महिन्याला दोघांनाही माहीत असते, त्यामुळे थोडे थोडे का होईना येत राहतात.

तुमच्याकडे तर बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवून सवडीने विकतात ना, मग वसुलीची तारीख छाटणीशी नको, त्या सौद्याशी बांधा.

आणि बायकांशी बोला. विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, फवारणीचा पाइप धरणं, निम्मं काम त्यांच्या हातून होतं, आणि दुकानात आल्या तर पुरुष उभे असतात म्हणून गप्प राहतात. मी दुपारी दोन ते चार काउंटरला एकटी बसते, तेव्हा येतात. डब्यावरच्या त्रिकोणाचा अर्थ, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं. एक जण रिकाम्या डब्यात तेल भरून ठेवायची. तो डबा मी दुकानात आणून फोडून टाकायला लावला. आज तिच्या पूर्ण वाड्याची खरेदी माझ्याकडे आहे, पण त्यासाठी नव्हतं केलं.

निफाडकर

ताई, एमआरपीच्या आत हे बरं लिहिलंत. लिंकिंगचं राहिलं होतं. भाऊ, ती बाटली गोणीला बांधून देऊ नको, कायद्यानेही चालत नाही आणि मनालाही पटत नाही. वेगळी मांड, काय आहे ते खरं सांग, कुणी घेतली तर घेतली. मी तोटा खाल्लाय त्यात, लपवत नाही. आणि कंपनीच्या माणसाला लेखी कळव की उचलणार नाही, तोंडी बोललेलं ते विसरतात. शक्य झालं तर हैदराबादच्या मॅनेज या शेती विस्तार संस्थेचा देसी डिप्लोमा वडलांना करायला लाव, वर्षभराचा आहे, दुकानदारांसाठीच आहे. तुझी डिग्री आहे, पण तू सांगितलेलं वडलांना वर्गात बसून ऐकल्यावर पटेल.

द्राक्षपट्टा_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजच्या दादांचं वाचून रात्री झोप नाही लागली, कारण टॉनिक आम्हीपण काढून ठेवतो.

आज सकाळी त्या मामांच्या बागेत जाऊन आलो, विकायचं काही नेलं नव्हतं. बोलता बोलता कळलं की दोन वर्षांपूर्वी वडलांनी चार माणसांत त्यांच्याकडे बाकी मागितली होती. तेव्हापासून ते रोखीचा माल बाहेरून आणतात आणि आमची जुनी बाकी थोडी थोडी फेडतात. वहीत बघितलं, खरंच दर दोन-तीन महिन्यांनी जमा आहे, मीच कधी लक्ष दिलं नाही. दुपारी वडलांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी गाडी काढून मामांच्या वस्तीवर गेले.

निफाडकर दादा, तुमच्या वहीच्या एका पानाचा फोटो टाकता का, नाव झाकून? रकाने कसे आखलेत तेवढं बघायचंय, ऑक्टोबर छाटणीच्या आधी साठ प्लॉट लिहून काढायचेत.