मदत हवी आहे : विद्यापीठातल्या ऑम्बुड्सकडे कोणी गेलं आहे का?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. ज्या प्रयोगांवर दोन वर्षं राबले, त्या पेपरवर गाइडनी पहिलं नाव दुसऱ्याचंच टाकलंय. विचारलं की विषय टाळतात. माझा स्टायपेंड त्यांच्या ग्रँटमधून येतो, उद्या शिफारसपत्रही त्यांचंच लागणार, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची धास्ती वेगळीच. लेखी तक्रार करायला मन धजत नाही.

मैत्रिणीने ऑम्बुड्स ऑफिस सुचवलं, म्हणजे विद्यापीठातले तंटे अनौपचारिकपणे, गुप्तपणे सोडवायला मदत करणारं कार्यालय. मला आधी आपल्याकडच्या विद्यापीठांतला लोकपाल आठवला. पण यूजीसीच्या २०२३ च्या नियमांतला लोकपाल तक्रार निवारण समितीनंतरचं अपील ऐकतो. इथला ऑम्बुड्स निकाल देत नाही, औपचारिक चौकशीही करत नाही. ऐकून घेतो, नियम आणि पुढच्या वाटा समजावतो, दोघांची तयारी असेल तर मध्ये बसून बोलणं घडवतो. त्याच्याशी बोलणं म्हणजे विद्यापीठाला अधिकृत कळवणं धरत नाहीत. कोणाच्या जिवाला तातडीचा धोका दिसला तरच गुप्तता मोडतात म्हणे. कागदावर हे फार आश्वासक वाटतं.

तुमच्यापैकी कोणी प्रत्यक्ष गेलं आहे का? तुमच्या परवानगीशिवाय गाइडपर्यंत काही पोचलं का? नंतर लॅबमधलं वागणं बदललं का? आणि लेखकांच्या क्रमाचा वाद अशा बोलण्यातून खरंच सुटला, असं कोणाचं झालंय?

तपशील ईमेलवर लिहू नका असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून गुरुवारी समक्ष भेटायची वेळ घेतली आहे. ईमेल आणि ड्राफ्टच्या तारखा लावून ठेवतेय. आणखी काय सोबत न्यावं?