वडील गेल्यावर पुन्हा चर्चला जाऊ लागलो. ही श्रद्धा की नुसती सोबत?

वाडीवाला (वसई):
पंधरा वर्षं मी नाताळ आणि लग्नं सोडली तर चर्चची पायरी चढलो नव्हतो. मागच्या पावसाळ्यात वडील गेले. अंगणात घोटाभर पाणी, लाईट गेलेली, तरी संध्याकाळ झाली की वाडीतली माणसं छत्र्या मिटत ओटीवर येऊन बसायची. सात संध्याकाळी जपमाळ झाली. शेजारची म्हातारी मधेच डुलक्या घ्यायची आणि बरोबर ‘आमेन’ला जागी व्हायची. तेव्हापासून रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवत नाही. नोकरी, विरारला फ्लॅट, सगळं होतं; कशासाठी ते कळत नव्हतं. आता कळतं म्हटलं की बायको हसते.

चाळकरी:
वाचून वाईट वाटलं. पण यात येशू कुठे आला? आजोबा गेले तेव्हा आमच्याही चाळीत पिठलं-भात शेजाऱ्यांकडूनच आला. मी देव मानत नाही. माणसं होती म्हणून निभावलं, एवढंच.

वाडीवाला:
शेवटच्या संध्याकाळी एक जण आला. बांधावरून वडिलांशी त्याचा दहा वर्षं अबोला. मागे बसला. ‘आमच्या पित्या’ या प्रार्थनेत क्षमेची ओळ येते ना, तिथे त्याचा आवाज बंद झाला. चहा न घेता गेला. नुसत्या शेजारधर्माने तो आला नसता हो.

नगरची नात:
फार गोड चित्र आहे. माझं आजोळ मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेलं, मूळचं महारवाड्यातलं. बाकावर सगळे शेजारी बसतात, सोयरीक निघाली की मूळ जात विचारतात. आणि 1950 च्या आदेशामुळे ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. मधल्या मध्ये आम्ही. तरी आईची प्रार्थना सुटत नाही. आई चर्चला तिथल्या मंडळीमुळे जात नाही, मंडळी असूनही जाते.

जुनी पोथी:
कवी ना. वा. टिळकच बघा. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि होती ती माणसंच तुटली. बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे 1917 मध्ये मिशनही सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

चाळकरी:
म्हणजे माझंच खरं की!

जुनी पोथी:
कसलं खरं! त्यांनी मिशन सोडलं, ख्रिस्त शेवटपर्यंत धरून ठेवला. तुम्ही माणसं ठेवून नेमका तोच वगळताय.

चाळकरी:
बरं, टिळक तुमचे. पण वाडीवाले, तो बांधावरचा माणूस नंतर बोलला का?

वाडीवाला:
माझ्याशी नाही. गेल्या रविवारी मिस्सेनंतर आईला विचारत होता, केळीचे घड उतरवायला माणूस हवा का म्हणून. बांध आहे तिथेच आहे.