घरगुती सीएनसी राउटर: नेमा ३४ मोटर घ्यावी की स्क्रूचा लीड बदलावा?

कोपरखैरणेकर

नमस्कार. आमच्या रो-हाऊसच्या तळमजल्यावर मी वर्षभर खटपट करून लाकूडकामासाठी एक सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कोरणारे यंत्र, उभा केला आहे. देव्हाऱ्यांच्या जाळ्या आणि सागवानी नावपट्ट्या हे त्याचे मुख्य काम. लांब अक्षावर १४०० मिमी लांबीचा १६०५ बॉलस्क्रू (नटात गोळ्या फिरणारा स्क्रू) आहे, म्हणजे व्यास १६ मिमी आणि एका फेऱ्याला ५ मिमी सरक, म्हणजेच लीड. गँट्रीचे, म्हणजे सरकत्या चौकटीचे, वजन स्पिंडल (कोरणारी मोटर) धरून २० किलोच्या आसपास भरते. मोटर नेमा २३ मापाची स्टेपर (ठरावीक स्टेप टाकत फिरणारी), १८.९ किलो-सेंमीची असून ती कपलिंगने थेट स्क्रूला जोडली आहे. मोटरीला प्रवाह देणारा ड्रायव्हर टीबी ६६००, पुरवठा ३६ व्होल्ट, मायक्रोस्टेपिंग १६ (एका स्टेपचे १६ भाग) आणि कंट्रोलर म्हणून आर्डुइनो उनो बोर्डावर जीआरबीएल ही प्रणाली, अशी बाकीची जोडणी आहे.

मिनिटाला अडीच मीटरपर्यंत यंत्र निमूट चालते. त्यापुढे वेग वाढवला की मोटर शिट्टीसारखा आवाज काढते, जागीच थरथरते आणि स्टेप चुकतात. परवा जवळजवळ पूर्ण झालेल्या जाळीत शेवटच्या दोन ओळी १२ मिमी बाजूला कोरल्या गेल्या आणि सागवानाची ती फळी वाया गेली. मला रिकामी चाल मिनिटाला ६ मीटर हवी आहे. दुकानदार म्हणतो की ८५ किलो-सेंमीची, मोठ्या मापाची नेमा ३४ बसवा, तर एक मित्र म्हणतो की स्क्रू काढून रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारे दातेरी चाक) लावा. खर्च दोन्हींकडे आहे, म्हणून आधी येथे विचारतो आहे.

लेथवाले काका, वागळे इस्टेट

मोटरीवर छापलेले १८.९ किलो-सेंमी, म्हणजे सुमारे १.८५ न्यूटन-मीटर, हे मोटर थांबलेली असतानाचे फिरवण्याचे बळ, म्हणजे टॉर्क, आहे. स्टेपर जसजशी वेगाने फिरते तसतसा तिच्या गुंडाळीत प्रवाह भरायला वेळ पुरत नाही आणि टॉर्क घसरत जातो. तुम्हाला ६ मीटरसाठी ५ मिमीच्या स्क्रूवर १२०० आरपीएम लागतील आणि ३६ व्होल्टवर त्या वेगाला या मोटरीत फारसे काही उरत नाही. नेमा ३४ ची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिचे इंडक्टन्स (प्रवाह बदलायला गुंडाळीचा विरोध) सहसा जास्त आणि रोटर कितीतरी जड असतो. तिला ७०-८० व्होल्टचा ड्रायव्हर दिला नाही, तर वेगात ती तुमच्या आत्ताच्या मोटरीपेक्षाही लवकर मान टाकेल.

पण मोटरीच्या आधी स्क्रूकडे पाहा. १६ मिमी स्क्रूचा मुळाशी व्यास साधारण १३ मिमी असतो. एक टोक बीके १२ या बेअरिंग-आधारात घट्ट आणि दुसरे बीएफ १२ मध्ये टेकलेले धरले, तर १४०० मिमी लांबीला सुरक्षित वेग जेमतेम १००० आरपीएम निघतो. त्यावर गेलात की तो मधोमध दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखा झोके घेऊ लागेल, मग मोटर कितीही मोठी असो. म्हणजे १६०५ वर ६ मीटर हा हिशेबच बसत नाही. १६१०, म्हणजे १० मिमी लीडचा, घ्या. ६ मीटरला ६०० आरपीएम पुरतील आणि १६०५ व १६१० या दोन्ही नटांचा बाहेरचा व्यास आणि फ्लँज सहसा सारखे असल्याने नटाचे हाऊसिंग बदलावे लागणार नाही.

आणखी एक हिशेब सांगतो, कारण गँट्री हलकी करण्यात लोक महिने घालवतात. ५ मिमी लीडवर तुमच्या २० किलो गँट्रीचे जडत्व मोटरीला सुमारे १२५ ग्रॅम-सेंमी वर्ग एवढेच जाणवते, तर १४०० मिमीच्या नुसत्या स्क्रूचे ५५० च्या घरात जाते. म्हणजे मोटर मुख्यतः स्क्रूलाच फिरवत बसली आहे. १० मिमी लीडवर गँट्रीचा वाटा चौपट होऊन ५०० होतो हे खरे, पण स्क्रूला निम्म्याच वेगाने फिरायचे असल्यामुळे तेवढ्याच प्रवेगासाठी एकूण टॉर्क कमीच लागतो.

स्टेपरप्रेमी, खारघर

काकांचा हिशेब बरोबर आहे, परंतु अडीच मीटरला यंत्र अडण्याचे पहिले कारण मोटर नसावे, अशी मला शंका आहे. २०० स्टेप गुणिले १६ म्हणजे एका फेऱ्याला ३२००, भागिले ५, म्हणजे मिलिमीटरला ६४० पल्स (कंट्रोलरने ड्रायव्हरला द्यायचे इशारे). मिनिटाला अडीच मीटर चालताना सेकंदाला सुमारे २६,७०० पल्स लागतात आणि उनोवरचे जीआरबीएल साधारण ३०,००० च्या पुढे जात नाही. ६ मीटरला तर ६४,००० लागतील. तुम्ही मोटर बदलली असती, तरी यंत्र जवळपास त्याच ठिकाणी अडले असते.

आज ड्रायव्हरवरचे स्विच ८ मायक्रोस्टेपवर करा, सेटिंगमध्ये ६४० ऐवजी ३२० लिहा आणि पाहा; खर्च शून्य. मायक्रोस्टेप वाढवल्याने अचूकता त्या प्रमाणात वाढते हा गैरसमज आहे. चाल मऊ होते एवढेच, कारण दोन मायक्रोस्टेपमधले बळ इतके कमी असते की घर्षणच ते गिळून टाकते.

नंतर व्होल्टेज पाहा. मिलिहेन्रीमधल्या इंडक्टन्सच्या वर्गमुळाला ३२ ने गुणले की मोटरीला मानवणारे जास्तीत जास्त व्होल्टेज मिळते, असा एक जुना ठोकताळा आहे. ३ मिलिहेन्रीला ते ५५ येते. टीबी ६६०० ला ४२ च्या वर नेता येत नाही. डीएम ५४२ या ड्रायव्हरला ५० पर्यंत चालते, मात्र मोटर थांबताना ऊर्जा उलटी येते, म्हणून ४८ चा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घेऊन त्याचे व्होल्टेज ४५ वर उतरवून ठेवावे.

ऐरोली वर्कशॉप

रॅक-पिनियनचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. माझे यंत्र ८ बाय ४ फुटांचे असल्याने मला तोच मार्ग होता. मॉड्यूल १ (दातांचे माप), २० दातांचा पिनियन थेट मोटरीवर लावला तर एका फेऱ्यात ६२.८ मिमी सरक होते. ६ मीटरला मोटर ९५ आरपीएमवर रेंगाळते, एक पूर्ण स्टेप ०.३१ मिमीची पडते आणि कोरीव कामाच्या कडेला जिना दिसतो. मध्ये ५एम टायमिंग बेल्टवर १५ आणि ६० दातांच्या पुली घालून १:४ केले की फेऱ्याला १५.७ मिमी आणि ६ मीटरला ३८२ आरपीएम होतात, आणि स्टेपरला तोच टापू मानवतो. माझ्या पुली आणि बेल्ट नागदेवी स्ट्रीटवर मिळाले.

मी आधी स्वस्तातला प्लॅनेटरी गिअरबॉक्स घेतला होता. त्यात १५ आर्क-मिनिटांचा, म्हणजे पाव अंशाचा, जरी ढिलेपणा धरला, तरी २० मिमी पिनियनवर तो ०.०४ मिमी होतो आणि दिशा बदलताना वर्तुळाच्या चार टोकांना चार खुणा उठतात. ताणलेल्या बेल्टमध्ये तो त्रास जवळजवळ नाही. तुमच्या १४०० मिमीला मात्र मी स्क्रूच ठेवीन. पावसाळ्यात खाडीची दमट हवा उघड्या रॅकवर आठवड्यात तांबडा थर आणते आणि त्यात लाकडाचा भुसा बसला की दात घासायला टूथब्रश घेऊन बसावे लागते.

कोपरखैरणेकर

सर्वांचे आभार. रात्रीच ८ मायक्रोस्टेपवर करून पाहिले. शिट्टी गेली, यंत्र ४ मीटरपर्यंत एकही स्टेप न चुकता दहा फेऱ्या गेले आणि डायल गेज परत शून्यावर आले. ४.८ मीटरला, म्हणजे ९६० आरपीएमला, काकांनी सांगितलेला झोका डोळ्यांनी दिसला; मधोमध स्क्रूची कड धूसर होते आणि हाताखालचे टेबल गुणगुणते. मोटर तेव्हाही फिरतच होती.

त्यामुळे नेमा ३४ चा विचार सोडला आहे. आज १६१० स्क्रू आणि नट मागवले, ड्रायव्हर नंतर पाहीन. काका, स्क्रूची टोके बीके १२ च्या मापाला वळवून द्याल का? शनिवारी वागळे इस्टेटला स्क्रू घेऊन येतो.

लेथवाले काका, वागळे इस्टेट

या, पण जुना स्क्रूही सोबत आणा. टोकांची मापे कॅटलॉगवरून न घेता त्यावरूनच घेऊ. आणि नट स्क्रूवरून उतरवू नका, गोळ्या सांडल्या तर अर्धा दिवस जमिनीवर शोधत बसाल.