इंदूरकरांनो, थान्यातले (पोलीस ठाण्यातले) अनुभव इथे लिहा

लोकमान्यनगरची आत्या

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच आपण मोठे झालो. थान्याचं तर नावही काढायचं नाही. त्यामुळे कुणाला रात्रभर बसवून ठेवलं, मारलं, अर्ज फिरवून दिला, तर ते घरातल्या घरातच राहतं. शेजारच्यांना कळलं तर मुलीचं लग्न अडेल ही भीती. म्हणून हा धागा काढतेय. थान्याचं, अधिकाऱ्याचं, कुणाचंच नाव लिहू नका. काय झालं, किती वाजता झालं आणि हातात कुठला कागद मिळाला, एवढं मात्र नक्की लिहा.

वेळ का, ते सांगते. अकरा महिन्यांपूर्वी माझ्या भाच्याला छप्पन दुकान खाऊगल्लीजवळ गाडी लावण्यावरून झालेल्या भांडणात पोलिसांनी उचललं. संध्याकाळचे साडेसात. आम्हाला कळलं दहाला, तेही एका पानवाल्याकडून. वहिनीनं नेलेला डबा आत घेतला नाही. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. अर्ध्या उघड्या दारातून त्याचे बूट दिसत होते. लेस काढून घेतलेल्या, जिभा बाहेर आलेल्या. रात्रभर आम्ही त्या बुटांकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंशीजींनी (थान्यातली लिखापढी करणाऱ्यांनी) अटकेचा मेमो सहीसाठी पुढे केला. वेळेचा रकाना कोरा. "बाद में भर लेंगे, आप तो साइन करो." भाऊ वाकलाच होता सही करायला. मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, काल संध्याकाळी ७.३० पासून मुलगा थान्यात आहे. हात थरथरत होता. त्यांनी तो कागद माझ्यासमोर फाडला आणि दुसरा काढला. त्यावर वेळ पडली दुपारी १.१०. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं असतं, ते चोवीस तास १.१० पासून मोजले गेले. आदली रात्र कागदावर झालीच नाही. आणि त्याच रात्री त्याच्या तळपायांवर पट्टे मारले होते.

अटक करतानाच मेमो करायचा, त्यावर तारीख-वेळ घालायची, घरच्या किंवा वस्तीतल्या कुणाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, नातेवाइकांना खबर द्यायची, हे सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगून ठेवलंय. आम्हाला ते घरी आल्यावर कळलं.

राजेंद्रनगरकर

माझं थोडक्यात. सिटी बसमध्ये माझा अठरा हजारांचा मोबाईल कुणीतरी मारला. थान्यात म्हणाले, "चोरी मत लिखो, गुम गया लिखो." मी तसं लिहून दिलं. चोरीचा गुन्हा तिथेच संपला, उरला हरवलेल्या वस्तूचा अर्ज. नंतर कळलं की चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की एफआयआर नोंदवावाच लागतो, ललिता कुमारी निकाल, २०१३. थान्यानं ऐकलं नाही तर वरच्या अधिकाऱ्याला टपालानं लिहिता येतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (बीएनएसएस, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) ते कलम १७३(४). मी डीसीपींना स्पीड पोस्ट केलं, बाराव्या दिवशी एफआयआर झाला. फोन काही मिळाला नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती न घेता उठू नका.

जिल्हा कोर्टातली ज्युनिअर

आत्या, तुमचा १.१० वाचून पोटात कालवलं. असे मेमो मी वकिलीत रोज बघते.

जास्त येतात ते १५१ वाले, म्हणजे सीआरपीसीच्या कलम १५१ खाली पकडलेले. बीएनएसएसमध्ये आता कलम १७०, पण कोर्टाच्या आवारात अजून १५१च म्हणतात. भांडण होईल अशी शंका आली की आत. पूर्वी शांतता राखण्याच्या बाँडसाठी एसडीएम किंवा तहसीलदारापुढे न्यायचे. डिसेंबर २०२१ मध्ये इंदुरात पोलीस आयुक्तालय आलं आणि ते अधिकार एसीपींकडे गेले. पकडणारेही पोलीस, बाँड घ्यायचा की जेलात पाठवायचं हे ठरवणारेही पोलीस. मला हे मुळातच चुकीचं वाटतं, आणि ज्यांच्याकडे जमानतदार नाही ते हातगाडीवाले, मजूर त्यात भरडले जातात.

एक प्रसंग. एका मुलाला मॅजिस्ट्रेटनी विचारलं, मारहाण झाली का? तो "नाही" म्हणाला. ज्या शिपायानं मारलं तोच त्याचा दंड धरून उभा होता. मी विनंती केली, साहेबांनी शिपायाला बाहेर काढलं. मुलगा काहीच बोलला नाही, फक्त शर्ट वर केला. एमएलसीत (सरकारी डॉक्टरच्या तपासणीच्या कागदात) लिहिलं होतं, ताजी जखम नाही. त्याची तपासणी पुन्हा झाली. म्हणून सांगते, घरच्यांनी वकिलाला आधीच सांगा, पोराला एकट्यानं बोलू द्या.

सुदामानगर

हे लिहू की नको, चार दिवस विचार करतेय. माझ्यावर अन्याय झालेला नाही. माझ्या हातून झालाय.

माझी पाटली सापडेना. घरात कामाला येणाऱ्या मावशी सात वर्षं येत होत्या. यांनी ओळखीच्या पोलिसाला फोन केला, "जरा विचारपूस करा." लेखी तक्रार नाही, काही नाही. दुपारी एक वाजता मावशींना घेऊन गेले. त्यांच्या दोन मुली शाळेतून सरळ आमच्याकडे आल्या आणि जिन्यात बसल्या. मी त्यांना आत बोलावलं, त्या आल्या नाहीत. धाकटीनं दप्तर मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी पाणी ठेवलं, ते तसंच राहिलं. चार वाजले, सहा वाजले. दर वेळी जिन्यात डोकावले की मोठी विचारायची, "आई कधी येईल, काकू?"

साडेसातला देव्हाऱ्यामागे पाटली सापडली. मीच गौरीच्या वेळी तिथे ठेवलेली. मी धावत थान्यात गेले. मावशी कोपऱ्यात फरशीवर बसल्या होत्या. एका हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या. सुटायला नऊ वाजले. रजिस्टरात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. आत्या, तुम्ही विचारलंत ना, हातात कागद कुठला मिळाला? त्यांना कुठलाच मिळाला नाही.

बाईमाणसाला जबाबासाठी थान्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरी जाऊन विचारावं लागतं, हा नियम जुन्या कायद्यात होता, नव्यातही आहे. मला तो तेव्हा माहीत नव्हता. पण माहीत नव्हता म्हणून माझं काही कमी होत नाही. सात वर्षं जी बाई माझ्या घरात वावरली, तिला आधी मी विचारायला हवं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन पाया पडले. त्या म्हणाल्या, "ताई, उठा." कामावर परत आल्या नाहीत. आपण पोलिसांबद्दल बोलतोय ते बरोबरच आहे. पण कितीदा तरी थान्यात "जरा बघा" असा फोन आपल्याच घरांतून जातो.

हेडसाहेबांचा मुलगा

आमचे बाबा पोलिसांत होते, हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या (चित्ररथ) बघायला सगळं इंदूर रस्त्यावर असायचं, आमचे बाबा सलग दोन रात्री उभे. पायांना सूज यायची, आई गरम पाण्याचं घमेलं ठेवायची. हेही लिहिलं पाहिजे.

एकदा त्यांना विचारलं, तुम्ही मारलंत का कुणाला? म्हणाले, "मारलं. वरून हुकूम, सकाळपर्यंत माल निघाला पाहिजे." त्यानंतर बराच वेळ गप्प बसले.

१८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर, तक्रार केली की ती फिरून त्याच थान्यात येते. फोन करून "संतुष्ट आहे म्हणा, बंद करून टाका" असं विनवायला बाबांनाच बसवत. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच टेबलाशेजारी ती मिटवायची! प्रकाश सिंह निकालात, २००६ मध्ये, सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की राज्यात आणि जिल्ह्यात वेगळी पोलीस तक्रार प्राधिकरणं करा, वर निवृत्त न्यायाधीश बसवा. बाबांच्या नोकरीत त्यांनी असा दरवाजा पाहिला नाही. तो असता तर नको तो हुकूम नाकारणाऱ्या शिपायालाही आधार झाला असता, असं ते आजही म्हणतात.

परदेशीपुरा, मिलवाल्यांची चाळ

माझ्या मुलाच्या कानाला थान्यात इजा झाली. ते म्हणाले, जिन्यावरून पडला. थान्यांत सीसीटीव्ही लावायचे, दार, लॉकअप, व्हरांडा सगळं दिसलं पाहिजे, रेकॉर्डिंग अठरा महिने आणि ते जमत नसेल तर निदान वर्षभर ठेवायचं, हा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा आदेश. मी दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात त्या रात्रीचं रेकॉर्डिंग मागितलं. उत्तर आलं, कॅमेरा बंद होता. मग मी दुसरा अर्ज केला, कॅमेरा कुठल्या तारखेपासून बंद आणि दुरुस्तीला कधी लिहिलं? त्याचं उत्तर तीस दिवसांत आलं नाही. अपील टाकलंय. मुलगा हल्ली बोलताना मान डावीकडे वळवतो, उजवा कान पुढे करतो.

जिल्हा कोर्टातली ज्युनिअर

परदेशीपुरावाले काका, दुसरा अर्ज फार चांगला केलात, अपिलाची तारीख सोडू नका. आत्या, तुम्हाला एक तातडीचं. मानवाधिकार आयोगाला घटनेपासून एक वर्षानंतर तक्रार ऐकता येत नाही, १९९३ च्या कायद्यातच तसं आहे. आयोग फक्त शिफारस करतो, शिक्षा देत नाही, तरी अहवाल मागवतो आणि थान्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. तुमचे अकरा महिने झालेत. भोपाळला लिहा, पानवाल्याचा जबाब जोडा.

लोकमान्यनगरची आत्या

पानवाला आधी घाबरला, मग त्याच्या आईनंच त्याला सही करायला लावली. भाच्यानं स्वतःच्या अक्षरात दोन पानं लिहिली, तळपायाचं लिहिताना दोनदा उठून गेला. आज स्पीड पोस्टनं पाठवलं. खिडकीवरच्या मुलीनं पावती दिली, तीवर वेळ छापलीय ११.४२. मी तिची फोटोकॉपी काढून घेतली.